परीक्षेसाठी एक तोंड

"जीभ राहू दे आज," व्हर्लिन म्हणाला. "दातांचं काय ते बघ."

टॉन्याने गॉझची पट्टी दोन बोटांत धरली. "डॅडी, परीक्षा माझी आहे की तुमची? काढा बाहेर."

"बत्तीस वर्षं कोळशाच्या खाणीत खणलं. आता पोटची पोर माझ्याच तोंडात खणायला बसली."

शेजारच्या खुर्चीपाशी कुणीतरी खुदकन हसलं. त्या दालनात बारा खुर्च्या होत्या, आणि प्रत्येक खुर्चीत कुणाचा तरी मामा, सासरा नाहीतर शेजारी आ वासून पडला होता. काउंटीच्या सरकारी कॉलेजातला दात साफ करण्याचा हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. शेवटच्या परीक्षेला माणूस ज्याचा त्याने आणायचा. वाटेल त्याचं तोंड चालत नसे. हिरडीच्या आत घट्ट बसलेलं कीटण ठरलेल्या संख्येइतकं भरावं लागे. पोरींनी हिवाळाभर चर्च आणि टायरची दुकानं पालथी घातली होती. एकीने आपल्या पाद्रीबाबांना आणलं, तर दात फार स्वच्छ म्हणून ते नापास झाले.

टॉन्याला शोधावं लागलं नाही. व्हर्लिन तीस वर्षं दातांच्या डॉक्टरकडे फिरकला नव्हता, आणि गालात तंबाखूची गोळी नाही असा दिवस तिला आठवत नव्हता. ऑक्टोबरात तिथे शिकवणाऱ्या पर्नेलबाईंनी त्याचं कीटण मोजलं आणि त्या खूश झाल्या. "हे तोंड जिवापाड सांभाळ," त्या टॉन्याला म्हणाल्या. "असं दुसरं मिळायचं नाही."

तिने सांभाळलंही. मे महिन्यातल्या परीक्षेपर्यंत तोंडाला कुणाला हात लावू द्यायचा नाही, अशी तंबीच दिली बापाला. फेब्रुवारीत तो मक्याचा कॉर्नब्रेड दुधात भिजवून खायला लागला, तेव्हा तिने विचारलं, "दाढ दुखतेय का?"

"थोडीशी."

"कळ काढा जरा. एकदा परीक्षा होऊ दे, मग काय ती काढून टाकू."

त्याने मान हलवली होती आणि वाडगं तोंडाला लावलं होतं.

टॉन्या एकोणचाळीस वर्षांची होती. अकरा वर्षं ती पेट्रोल पंपाच्या गल्ल्यावर उभी होती. जूनपासून काउंटीतल्या एकुलत्या एक दातांच्या दवाखान्यात तिची जागा ठरली होती, पण आज पास झाली तरच. परीक्षा वर्षातून एकदाच होई, आणि डॉक्टर काही वर्षभर थांबणार नव्हते.

व्हर्लिनने जीभ काढली, तीही जेमतेम. तिने ती गॉझने धरली, उजवीकडे ओढली आणि डावी कड उजेडात घेतली. ऑक्टोबरात तपासणीच्या कागदावर याच जागेपुढे तिने 'निरोगी' असं लिहिलं होतं.

आता तिथे, पार मागे, वाटाण्याएवढा व्रण होता. कडा उचललेल्या होत्या. तिने बोटाने दाबून पाहिलं. दिसत होतं त्याहून कडकपणा बराच खोल गेला होता. मग तिने जबड्याखाली बोटं नेली. डावीकडे एक गाठ लागली. दाबली तरी ती हलेना.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सुरुवात होऊन नऊ मिनिटं झाली होती. नियम पाठ होता. संशयास्पद व्रण दिसला की हात वर करायचा, काम थांबवायचं, माणसाला डॉक्टरकडे पाठवायचं. म्हणजे परीक्षा संपली. गप्प राहिलं तर तीन तासांत काम पुरं होत होतं. अशी गाठ तीन तासांत बदलत नाही, हेही तिला इथेच शिकवलं होतं.

तिने अवजार उचललं.

टोक डाव्या दाढेकडे नेताना तिच्या मनगटाचा जिभेला पुसटसा धक्का लागला. व्हर्लिनने आवाज केला नाही. फक्त त्याचे डोळे मिटले आणि खुर्चीच्या हातावरची बोटं पांढरी पडली. हे दुखणं गुपचूप सोसायची त्याला सवय झालेली दिसत होती.

टॉन्याने अवजार ताटलीत ठेवलं आणि हात वर केला.

"हात खाली घे," व्हर्लिन दबक्या आवाजात म्हणाला.

तिने घेतला नाही.

"टॉन्या. ऐक माझं. खाली घे तो हात."

पर्नेलबाई आल्या. त्यांनी दिवा जवळ ओढला आणि बराच वेळ पाहिलं. मग टॉन्याच्या परीक्षेचा कागद उलटा करून ठेवला.

"मिस्टर स्टिडम, हे कधीपासून आहे?"

त्याने उत्तर दिलं ते लेकीकडे बघत. "नाताळपासून."

"कुणाला दाखवलंत?"

"जानेवारीत. लेक्सिंग्टनच्या मोठ्या इस्पितळात जाऊन आलो."

"जानेवारीत?" टॉन्याने मास्क खाली ओढला. "मला म्हणालात, ट्रकचा पार्ट आणायला चाललोय. काय म्हणाले ते?"

"म्हणाले, कॅन्सर आहे. लगेच उपचार घे."

"मग का नाही घेतलेत? चार महिने, डॅडी! चार महिने काय करत होतात?"

व्हर्लिनने गळ्यात बांधलेल्या कागदी रुमालाने हनुवटी पुसली, आणि समजूतदार पोरीला एवढीशी गोष्ट कशी कळत नाही, अशा नजरेने तिच्याकडे पाहिलं.

"रेडिएशनच्या आधी सगळे दात काढावे लागतील म्हणाले," तो म्हणाला. "मग तू परीक्षा कशावर दिली असतीस?"