तीस सेकंदांचं इंधन

"पाठीवर जेटपॅक बांधतो आणि भिंतीवरून पलीकडे जातो. इंधन तीस सेकंद पुरेल. टॉवरवरचा पहारेकरी जेवायला गेला की निघतो."

कारकुनानं पत्र खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तुरुंगातून जाणारं आणि तुरुंगात येणारं प्रत्येक पत्र अठ्ठावीस वर्षं त्याच्याच टेबलावरून जात होतं. लिंबाच्या रसानं लिहिलेल्या ओळी, सांकेतिक शब्द, सगळं बघून झालं होतं. पण जेटपॅक? पत्राच्या माथ्यावर 'तीर्थस्वरूप ताईस' आणि खाली घड्याळजीची सही.

घड्याळजी चार नंबरच्या बराकीतला कैदी. बाहेर घड्याळं दुरुस्त करायचा, खोट्या सह्यांच्या प्रकरणात आत आला. स्वभावानं गरीब गाय. दोन महिन्यांत सुटणार होता.

कारकुनानं त्याला बोलावून घेतलं. "हे काय आहे?"

"खेळ आहे, साहेब." घड्याळजी ओशाळला. "दोनशे वर्षांनंतरची गोष्ट. माझं पात्र मंगळावरच्या एका खाणीत अडकलंय. आजूबाजूला काय आहे ते ताई सांगते, मी काय करतो ते मी सांगायचं. जमलं की नाही ते फासे ठरवतात. लोक टेबलाभोवती बसून खेळतात, आम्ही पत्रानं."

"तुरुंगात बसून तुरुंगातून पळायचा खेळ?"

"खाणीतून, साहेब."

कारकुनाला काही उमजेना. पळायचंच असतं तर दोन महिने उरलेला माणूस कशाला पळेल? आणि पळणारा असं उघड लिहील?

घरी त्यानं धाकट्या मुलीला विचारलं. ती पोट धरून हसली.

"बाबा, आम्हीपण खेळतो तो. जेटपॅकवरून तर आमच्यात हाणामारी व्हायची बाकी आहे. एकदा का ते दिलं की भिंत, दरी, कुलूप, कशालाच अर्थ राहत नाही. वर पाय भाजतात ते वेगळंच."

म्हणजे खेळ खरा होता. कारकुनानं पत्र सोडलं.

आठवड्यानं ताईचं उत्तर आलं. "जेटपॅक मला पटत नाही, पण का ते सांगता येत नाही. तिकडे कुणी जाणतं माणूस असेल तर विचारून बघ. खांदा कसा आहे? शेकतोस ना?"

जाणतं माणूस. कारकुनाला शब्द आवडला. पत्र द्यायला तो स्वतः बराकीपर्यंत गेला.

"खांद्याला काय झालं रे?"

"खांद्याला?" घड्याळजी गोंधळला. "हां, खांदा. थंडीत धरतो कधीकधी."

"बरं, ते जेटपॅक चालणार नाही. तीस सेकंदांत वर जाशील, उतरणार कशावर? आणि आवाज? सगळी खाण जागी होईल."

"मंगळावर हवा विरळ असते, साहेब. आवाज फार जात नाही."

"मग तुझा पहारेकरी जेवतो कसा? नळीनं? आवारात हवा भरलेलीच असणार."

घड्याळजी हट्ट सोडीना. पुढचे कितीतरी दिवस तेच चाललं. कधी तो इंधन वाढवी, कधी भिंतीची उंची कमी करी. कारकून घरून मुलीकडून नवे मुद्दे घेऊन येई आणि त्याला गप्प करी. शेजारच्या अंथरुणांवरचे कैदी ऐकत पडलेले असत. मधेच कारकुनाला प्रश्न पडे, आपण हे नक्की कशासाठी भांडतोय? उत्तर सापडत नसे. पण इतकी मजा त्याला नोकरीत कधी आली नव्हती.

"मला जेटपॅकच लागणार," घड्याळजी एक दिवस वैतागून म्हणाला. "दुसरा मार्गच नाही."

"मार्ग नाही?" कारकून फुरफुरला. "अरे, उडायचं कशाला? मंगळावर कपडे मळत नाहीत का? मळतात. मग धुलाईची गाडी येणारच. आत येताना पहारेकरी तिचा कोपरान् कोपरा तपासतात. जाताना मळक्या चादरींत कोण हात घालतो? त्यात गुरुवारी फाटकावर एकच माणूस. गठ्ठ्यात शिरायचं आणि गुपचूप पडून राहायचं. कशाला हवंय इंधन?"

घड्याळजीनं हात जोडले. "हे मला जन्मात सुचलं नसतं, साहेब."

"लिही ताईंना."

ते पत्र टेबलावर आलं तेव्हा शिक्का हातात धरून कारकून थांबला. आपलेच शब्द दुसऱ्याच्या अक्षरात वाचताना काहीतरी खटकत होतं. काय ते कळेना. मग त्याला आठवलं, माणूस येत्या सोमवारी सुटतोय. त्यानं शिक्का मारला.

सोमवारी घड्याळजी पुढच्या दारानं, रीतसर कागदावर सही करून बाहेर पडला. कारकून त्याला फाटकापर्यंत सोडायला गेला. परत येऊन खुर्चीत बसल्यावर टेबल त्याला फार मोकळं वाटलं.

गुरुवारी दुपारी भोंगा वाजला. चार नंबरच्या बराकीत गणती एकानं कमी भरत होती. धुलाईची गाडी तीन मैलांवर उभी सापडली, चादरी रस्त्यावर पसरलेल्या.

कारकुनाला आपलेच शब्द आठवले. पण घड्याळजी तर सोमवारीच सुटला होता! मग पळालं कोण?

पळाला होता घड्याळजीच्या शेजारच्या अंथरुणावरचा जन्मठेपेचा कैदी. नऊ वर्षांत त्यानं कुणाला पत्र लिहिलं नव्हतं, त्याला कुणाचं आलं नव्हतं. कारकुनाला त्याची फाईल उघडायची कधी वेळच आली नव्हती.

"घरचे कोण आहेत बघा," अधीक्षक ओरडले. "लवकर!"

कारकुनानं फाईल उघडली. एकच पत्ता होता. तो त्याला तोंडपाठ होता. दोन महिने त्याच पत्त्यावर त्यानं स्वतः शिक्का मारून घड्याळजीची पत्रं पाठवली होती.

नात्यासमोर लिहिलं होतं : पत्नी.