हयात असल्याबाबत

"मुखत्यारपत्र लिहून देणाऱ्या रुक्मिणीबाई हयात आहेत ना?" दुय्यम निबंधक बाईंनी कागदावरची नजर न काढता विचारलं.

"आहेत की मॅडम," युवराज म्हणाला. "काकू माझी. तिकडं कर्नाटकात ऊसतोडीला गेलीय. तिनंच सांगितलंय, विकून टाक म्हणून."

विचारायची रीतच असते. मुखत्यारपत्रावर जमीन विकायची तर मालक जिवंत आहे आणि त्यानं दिलेले अधिकार काढून घेतलेले नाहीत, असं मुखत्याराला लिहून द्यावं लागतं. युवराजनं ते लिहून आणलं होतं आणि खाली झोकदार सही ठोकली होती. शेजारी जमीन घेणारे मोहनराव बसले होते, मांडीवर पेढ्यांचा पुडा. उमापूर रस्त्याला लागून विहिरीसकट जमीन काही रोज मिळत नाही, तेव्हा पेढे आधीच आणले यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

चुकलं होतं ते युवराजचं. वेळ त्यानं बरोबर साधली होती. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते घेऊन कारखान्याला जातं, दारांना कुलपं लागतात, आणि काय चाललंय म्हणून विचारायला कुणी उरत नाही. पण मग ओळख पटवायला साक्षीदार तरी कुठून उरणार? एक त्याचा मित्र मिळाला. दुसरी म्हणून त्यानं शेजारच्या बायनाबाईला गाडीत घालून आणलं. म्हातारीला काय कळतंय, या हिशेबानं त्यानं तिला कशासाठी जायचंय तेही आठवडाभर आधी सांगून टाकलं होतं. ऊसतोडीला जाणारी पोरं मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या हातात एकेक फोन देऊन जातात, हे मात्र तो पार विसरला.

दाराजवळच्या बाकावर एक बाई बसली होती. लुगड्यावर पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल. उसाच्या फडातून उठून तशीच आलेली दिसत होती. युवराज सकाळपासून दोनदा तिच्या शेजारून गेला होता. असल्या बायकांच्या तोंडाकडं बघायची त्याला सवय नव्हती.

ती रुक्मिणीबाई होती. पोराला आणि सुनेला फडातच ठेवून ती एकटीच जीप करून आली होती. बाहेरच्या दस्त लिहिणाऱ्याकडून तिनं मुखत्यारपत्र रद्द केल्याचा कागद सकाळीच करून घेतला होता. तो शर्टाच्या खिशात होता, पण तिनं अजून पुढं केला नव्हता. युवराज तिच्या दिराचा पोरगा. आई लवकर गेली तसा तिच्याच ताटात जेवून मोठा झालेला. पीकविम्याला, पंचनाम्याला दरवेळी फडातून येणं होत नाही म्हणून तिनंच मोठ्या भरवशानं त्याला सगळ्या अधिकारांचं मुखत्यारपत्र दिलं होतं. फोनवर कळवणाऱ्या बायनाबाईच्या ऐकण्यात चूक झाली असेल, पोरगं दुसऱ्याच कामाला आलं असेल, असं ती अजूनही मनाला समजावत होती. तिला ते त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं.

आता ऐकून झालं. क्षणभर तिचे डोळे भरले, आणि डोळे भरले म्हणून तिला स्वतःचाच राग आला. ती उठून टेबलापाशी गेली.

"मॅडम, मी हयात हाय," ती म्हणाली. "अन् विक म्हून मी सांगितलेलं न्हाई."

युवराजच्या तोंडचं पाणी पळालं. काकू, तू कवा आलीस, मला फोन तरी करायचा, असं तो काहीबाही बोलू लागला. रुक्मिणीबाईनं त्याच्याकडं बघितलंही नाही. निबंधक बाईंनी तिचं आधार कार्ड मागून घेतलं, तोंडाशी ताडून बघितलं, आणि विक्रीचे कागद परत युवराजपुढं सरकवले. खोटं लिहून दिल्यावर काय होतं, तेही त्याला हळू आवाजात समजावलं. तोवर मोहनराव उठून चालायलाही लागले होते. पुडा खुर्चीवरच राहिला.

"चल गं आजे," युवराज बायनाबाईला म्हणाला.

"साक्षीला आणलंस ना मला?" म्हातारी म्हणाली. "मंग साक्ष दिल्याबिगर कशी येऊ?"

ती खुर्चीवरचा पुडा मांडीवर घेऊन ऐटीत बसली. रुक्मिणीबाईनं खिशातला कागद पुढं केला. बायनाबाईनं अंगठा असा दाबून उमटवला की शाई पार नखापर्यंत गेली. दुसरी साक्ष रुक्मिणीबाईला घेऊन आलेल्या जीपवाल्याची झाली. युवराज कधी निघून गेला ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

शेवटी फोटो. कॅमेऱ्यावरच्या पोरीनं सांगितलं की मावशी, टॉवेल आणि शर्ट काढून ठेवा, हा फोटो कागदावर कायमचा राहणार आहे. रुक्मिणीबाईनं टॉवेल काढला, केस नीट केले. शर्टाच्या बाहीला उसाचं वाळकं पाचट चिकटलं होतं, ते तिनं झटकलं. शर्ट मात्र काढला नाही.

"मी फडात हाय म्हून तर जमीन विकाय निघाला व्हता," ती म्हणाली. "फडातलीच दिसू द्या."

पोरीनं बटण दाबलं. पडद्यावर रुक्मिणीबाई उमटली, उन्हानं रापलेली, मान ताठ, आणि ओठांत न मावणारं हसू.

बायनाबाई तोंडात पेढा धरूनच पडद्याजवळ गेली. डोळे बारीक करून तिनं फोटो बघितला, मग रुक्मिणीबाईला बघितलं, मग पुन्हा फोटो.

"लई हयात दिसतीस," ती म्हणाली, आणि दुसरा पेढा तिच्या तोंडात घातला.