मधली जागा

औरंगपुऱ्यातल्या एका छोट्या कॅफेत श्रीनिवासकाका दर शनिवारी संध्याकाळी गिटारवर ब्लूज वाजवायचे. ऐकायला असून असून दहा-बारा माणसं. पण माऊली नावाचा एक तरुण मात्र खास त्यांच्यासाठी गंगापूरहून एसटीनं यायचा. त्या दिवशी दोन गाण्यांच्या मधे त्याला काही राहवलं नाही.

"काका, लई मोठमोठे गिटारवाले ऐकले, पण तुमच्यासारखा काळजाला हात कुणी घालत नाय. सूर ताणता अन् मधीच थांबता, तिथंच जीव खालीवर होतो बघा. हे थांबणं कुणाकडून शिकलात?"

"शिकतोय कसला! आमची कालिंदी आठ वर्षं अंथरुणाला खिळलेली. घरी वाजवताना मधेमधे थांबायचो, डावीकडच्या आतल्या खोलीतून हाक तर मारत नाही ना, ते ऐकायला."

"मग आता बरं हाय ना काकूंना?"

"जाऊन वर्ष झालं तिला," काका किती वाजले ते सांगावं तसं म्हणाले, आणि त्यांनी पुढचं गाणं धरलं.



चौथ्या सुराला बोटं थांबली, मान डावीकडं कलली, आणि हाकेच्या जागी टाळ्या आल्या.