मोजपट्टी

“मी नाही उभी राहणार!” तिनं पिशवी खाली आपटली. “लग्न झाल्यापासून जाऊ तिथं तेच. खांब केवढा, दरवाजा केवढा, हे फोटोत दाखवायला मला उभं करायचं. मी बायको आहे की मोजपट्टी?” लोखंडाची सळईही न घालता, दगडावर दगड रचून उभारलेल्या रेल्वेपुलाच्या कमानीचा नवऱ्यानं तिच्याविनाच फोटो काढून दाखवला. फोटोत कमान गटारावरच्या मोरीएवढी दिसत होती. “तू नसलीस की काहीच मोठं दिसत नाही,” तो म्हणाला. फणकारत ती कमानीखाली जाऊन खांबाला टेकली. वरून आगगाडी धडधडत गेली. पाठीशी दगड थरथरला, पण जागचा हलला नाही. तिनं मान वर केली. एकमेकांच्या खांद्यांवर चढत दगड आभाळात वाकले होते. “इकडे बघ!” तो ओरडला. “थांबा हो! आजवर सगळ्याकडे पाठ करूनच उभी राहिले.”