डाव्या हाताचा टाका

"काका, महिना झाला हे पार्सल इथं पडून हाय," कुरियरच्या ऑफिसातला योगीराज म्हणाला. "पयले सही करा, मग बोलू."

आश्रुबांनी सही केली. पार्सल परत आलं त्या दिवशी घरी त्यांच्या बायकोचा, मालनबाईचा दहावा होता. त्या दिवशी कोण आणायला येणार? आज सून नीलमच म्हणाली, मामा, जिंतूरला जाऊन एकदा बघून तर येऊ.

पार्सलात वाकळ होती. म्हणजे, असायला पाहिजे होती. मालनबाई वाकळा, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, शिवायची आणि नीलम त्या मोबाईलवरून विकायची. वाकळ मागवलेल्या पुण्याच्या बाईने पार्सल उघडलं, तर आत जुन्या लुगड्यांचं बोचकं निघालं. तिने फोटो पाठवला आणि पार्सलही परत पाठवलं.

"पॅक करतानाचा व्हिडिओ हाय का?" योगीराजने विचारलं.

"न्हाई ना," नीलम म्हणाली. "तव्हा डोक्यातच आलं न्हाई."

"मग अवघड हाय, ताई. जाताना वजन सव्वादोन किलो, येतानाबी सव्वादोन किलो. वरचे लोक म्हणणार, तुमीच चिंध्या भरल्या. आजकालचे चोर काटा घेऊनच बसायलेत." तो हसला. समोरचे दोघं हसले नाहीत.

चिंध्या घरातूनच गेल्या, असं आश्रुबाही म्हणाले होते. मालनबाईजवळ नेहमी दोन बोचकी असायची. एकात तयार वाकळ, दुसऱ्यात पुढच्या वाकळेच्या भरावाची लुगडी. ती गावभरातून जमा केलेली, त्यामुळे फोटोतली लुगडी कुणाची ते कळायला मार्ग नव्हता. "तू भरावाचं बोचकं घातलंस," आश्रुबा तिला म्हणाले. ती म्हणाली, "न्हाई घातलं." दुसऱ्या दिवशी ते पुन्हा म्हणाले. तिसऱ्या दिवशीही. आठवड्याने ती म्हणाली, "असंल. माझंच ध्यान न्हाई राहिलं." त्यानंतर ती बांधलेलं बोचकं तीन-तीनदा सोडून बघायची.

आश्रुबांनी पार्सल जवळ ओढलं. पुण्याच्या बाईने पिशवीचं कापड मधोमध कात्रीने कापलं होतं. तोंडाची शिवण तशीच होती. मालनबाई बाजारातून तयार पिशव्या आणायची आणि तोंड तेवढं हाताने शिवायची, लाल दोऱ्याने. वाटेत कुणी उसवलं तर आपल्याला कळंल, म्हणायची.

दोरा लालच होता. आश्रुबांनी शिवणीवरून अंगठा फिरवला. मग थांबले आणि पार्सल उजेडाला नेलं.

"नीलम, हे बघ."

"काय, मामा?"

"हे तिनं शिवलेलं न्हाई. हे उजव्या हाताचं हाय."

योगीराज वाकून बघायला लागला. "काका, मला तर समदे टाके सारखेच दिसायलेत."

आश्रुबांनी सदऱ्याच्या खिशातून आधार कार्ड, तंबाखूची डबी आणि बसची तिकिटं काढून नीलमच्या हातात दिली. मग खिसा उलटा करून बाहेर ओढला. खिशाचा तळ पूर्वी कधीतरी फाटलेला होता आणि काळ्या दोऱ्याने शिवलेला होता.

"हे तिचं. टाके कुणीकडं कलतेत?"

"डावीकडं."

"आता पार्सलचे बघ."

"उजवीकडं."

"डावरी हाय ती. आमची माय लगीन झाल्यावर शेजारणींना सांगायची, सून चांगली हाय, पण समदं उलटं शिवती."

योगीराजने दोन्ही शिवणी पुन्हा पाहिल्या. "च्यायला. खरंच की, काका." त्याने मोबाईल काढून आधी पार्सलचा फोटो घेतला, मग आश्रुबांच्या खिशाचा. आश्रुबा खिसा दोन बोटांनी ताणून उभे राहिले.

"वाटेत कुणीतरी उसवून परत शिवलंय. मी आजच तक्रार टाकतो," तो म्हणाला. "ताई, यापुढं पॅक करताना व्हिडिओ काढत जा. टाक्याचाबी फोटो घ्या. मावशीचा टाका म्हणजे कुलूपच हाय." मग पार्सल बाजूला ठेवता ठेवता म्हणाला, "आन् काका, घरी गेल्यावर मावशीला पयलं सांगा, त्यांची काई चूक नव्हती. बायामाणसं लय मनाला लावून घेतेत."

नीलमने मान खाली घातली.

"तिनं पयल्याच दिवशी सांगितलं होतं," आश्रुबा म्हणाले.

दोघं बाहेर आले. स्टँडवर गावाकडची बस लागत होती. नीलमने कार्ड आणि डबी पुढे केली.

"मामा, खिसा आत घ्या. लोक बघायलेत."

"बघू दे."

त्यांनी कार्ड आणि डबी मुठीत धरली आणि दुसऱ्या हाताने दांडी पकडून बसमध्ये चढले. खिसा सदऱ्याबाहेर तसाच लोंबत होता.