सोयरिकीचा घास

व्याही ओसरीवर कोट उतरवत होते, आणि इकडे नवऱ्या मुलीनं, रौशाननं, बापाला पडद्याआड ओढलं.

“बाबा, कलेजीचा घास आज केंजेबेककाका भरवतील. तुम्ही नुसते बसून राहा.”

उतेगेननं आपल्या हातांकडे पाहिलं. चाळीस वर्षं त्यानं गवंडीकाम केलं, अर्धं गाव बांधलं; तोवर सिमेंटनं कधी त्रास दिला नाही. साठी उलटली आणि त्याच सिमेंटचं अंगाला वावडं झालं. हात सुजले, भेगाळले, खपल्यांनी भरले. ताराझ शहरातल्या डॉक्टरनं पाठीवर औषधाच्या पट्ट्या चिकटवून खात्री करून घेतली आणि बजावून सांगितलं, याची कुणाला लागण होत नाही. रौशानला ते पाठ होतं. तरी ती बापाची वाटी वेगळी विसळायची.

“बरं,” तो म्हणाला, आणि हात बाह्यांत ओढून घेतले.

रौशान समोवारपाशी चहा ओतायला बसली. मेंढीच्या शेपटीची चरबी आणि कलेजीचं ताट आलं. कझाकांची रीतच अशी: हा घास मुलीच्या बापानं आपल्या हातानं व्याह्यांना भरवला, की सोयरीक पक्की. नाही भरवला, तर सगळी बोलणी फुकट. केंजेबेकनं बाह्या सरसावल्या आणि पहिला घास उचलला.

व्याह्यांनी तोंड मिटून घेतलं.

“पोरीचा बाप समोर धडधाकट बसलाय, मग काका कशाला? उतेगेन, आमचं घर पसंत नसेल तर सरळ सांगा. आम्ही कोट घालतो.”

नवऱ्या मुलाचा, संजारचा चेहरा खर्रकन उतरला. रौशानच्या हातातली किटली कलली, चहा गालिच्यावर सांडला. आता बोलायला हवं होतं. मी सांगितलं त्यांना, मला लाज वाटली, एवढंच तर म्हणायचं होतं! पण ती खाली वाकून गालिचाच पुसायला लागली. शरमेनं तिचे कान तापले.

“चूक माझी,” बाप म्हणाला. “हात दाखवायची मलाच लाज वाटली. लागण होत नाही त्यांची, पण दिसायला वाईट.” त्यानं दोन्ही हात पुढे धरले.

व्याह्यांनी ते हात निरखले. मग मांडी मोडून पुढे सरकले.

“एवढंच ना? अहो, माझं तर धाबंच दणाणलं होतं! भरवा आता. आणि चरबीला हात आखडता घेऊ नका.”

एकच हशा पिकला. उतेगेन हात धुऊन आला. व्याह्यांना भरवलं, विहीणबाईंना भरवलं. संजारनं तर एवढा मोठा आ केला, की बोटंही जातात की काय! केंजेबेकही लहान पोरासारखा तोंड उघडून बसला. म्हातारा उतेगेन गुडघ्यांवर सरकत एकेकापाशी जात होता. कित्येक महिन्यांत तो इतका हसला नव्हता.

सगळ्यांत शेवटी तो समोवारपाशी आला. रौशानचे डोळे भरून आले होते. ती पुढे झुकली, तिनं तोंड उघडलं.

बापाचा हात तिच्या ओठांपाशी येऊन थांबला. त्यानं घास हळूच तिच्या बशीत ठेवला आणि शेजारी चमचा ठेवला. रागानं नाही, अगदी मायेनं.

“तू चमच्यानं खा हो, बाळा,” तो म्हणाला.