अभिप्राय वही

चेरोकी आदिवासींच्या संग्रहालयातल्या नकाशापुढे मुकुंदरावांनी तिसऱ्यांदा चष्मा पुसला. सैनिकांनी या लोकांना भरल्या ताटावरून उठवलं होतं आणि कडाक्याच्या थंडीत शेकडो मैल पायी हाकललं होतं. हजारो माणसं वाटेतच गेली.

"कसले हे अधिकारी! काळीज होतं की दगड?" ते हुंदका आवरत म्हणाले. लेकाकडे अमेरिकेत आल्यापासून त्यांना एवढं भरून आलं नव्हतं. नातवाला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हासुद्धा नाही.

शेजारच्या दालनात एक चेरोकी आजी बांबूच्या कामट्यांची टोपली विणत बसली होती. कुमुदताई तिच्या बोटांकडे बघतच राहिल्या.

"अहो, अश्शीच टोपली आपल्या शोकेसमध्ये आहे. धरणाच्या वेळी तुम्ही तो पाडा उठवलात ना, तिथून आणलेली."

"तो विकास होता," मुकुंदराव ताठ झाले. "नोटिसा रीतसर लावल्या होत्या. झाडाझाडावर."

"वाचता कुणाला येत होतं तिथे?"

मुकुंदराव दाराजवळच्या अभिप्राय वहीकडे वळले. अशी वही दिसली की शेरा मारल्यावाचून त्यांना पुढे जाताच येत नसे. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'ज्या अधिकाऱ्यांनी हे पाप केलं, त्यांना इतिहास कधीही क्षमा करणार नाही.'

खाली लफ्फेदार सही ठोकली. आणि उभ्या नोकरीच्या सवयीनं सहीखाली हुद्दाही लिहिला: पुनर्वसन अधिकारी, निवृत्त.